कागदाची खाट

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे सगळं जग सांगतं. राजापूरकडचे दिनानाथ मेस्त्री त्याच्याही मागे जात. ते म्हणत, अंथरुणाच्या आधी कागद पसरावेत. कुणी खाट करायला सांगितली की रंध्याला हात लावायच्या आधी ते गिऱ्हाइकाच्या घरची रद्दी मागत. वर्तमानपत्रं खळीने जोडून खाटेच्या मापाचा एक कागद करत आणि जिथे खाट यायची तिथे जमिनीवर अंथरत. कपाटाचा कागद वेगळा, टेबलाचा वेगळा. मग बजावत, "दोन दिवस ह्यात राहून बघा. कपाटावरून चालायचं नाही, टेबलात पाय घालायचा नाही. कागद सरकतो, लाकूड सरकत नाही." गाव त्यांना हसायचं. पण त्यांनी केलेलं कपाट दारात अडकलं, असं एकाही घरात कधी झालं नाही.

मेस्त्री जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि आता त्यांची मुलगी क्षितिजा नायगावच्या एका नव्या टॉवरमध्ये, सातव्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत उकिडवी बसून वर्तमानपत्रं जोडत होती.

तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. कॉलेजने मुलींच्या होस्टेलसाठी हा अख्खा मजला घेतला होता. रचना मॅडम म्हणून वॉर्डन होत्या, त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "खोली आमची, पंखा आमचा. खाट, टेबल, कपाट आपापलं आणायचं. खोली लहान आहे, नीट मोजून आण. नाहीतर नाकापेक्षा मोती जड." बाकीच्या मुली सोमवारी यायच्या होत्या. मॅडमही सोमवारीच. क्षितिजा मात्र बुधवारी सकाळीच पाठीवर सॅक आणि हातात चटई घेऊन हजर झाली. पाच दिवस आधी यायची एवढी काय घाई, असं कुणीही विचारलं असतं. विचारायला कुणी नव्हतं, ते बरंच झालं.

कारण घाई वगैरे काही नव्हती. वैशाखात तिच्या भावाचं, कौस्तुभचं लग्न झालं. घरात बाबांनी तिच्या अभ्यासासाठी फळ्या ठोकून एक कोपरा काढून दिला होता, तिथे आता कौस्तुभ आणि हेमांगी वहिनीचा पलंग होता. ह्यात चूक कुणाचीच नव्हती. गणपतीत पाहुणे आले तेव्हा ती पडवीत, पाटांच्या चळतीशेजारी निजली. "आमच्या क्षितीचं काही नसतं," आई पाहुण्यांना कौतुकाने म्हणाली, "कुठेही पाठ टेकते." सगळे हसले, तीही हसली, आणि ते वाक्य काट्यासारखं आत राहून गेलं. गणपती पोचवले, आणि दुसऱ्या दिवशी ती निघाली.

तेव्हा ही दहा बाय आठची खोली म्हणजे नुसती खोली नव्हती. ह्या जगात जिथे दार लावून 'माझं' म्हणता येईल अशी ती तिची पहिली जागा होती. ती चुकवायची नव्हती.

तिने बाबांची घडीची पट्टी काढली. दोन फुटी, पिवळ्या लाकडाची, पितळी बिजागऱ्यांची. घरून निघताना तिने ती हत्यारांच्या पेटीतून काढून ओढणीत गुंडाळून आणली होती, कुणाला न विचारता. खोली मोजली, आलेखाच्या वहीत चौकोन काढला. दार उजव्या कोपऱ्यात. समोरच्या आठ फुटी भिंतीत खिडकी, खाली खाडी आणि पलीकडे मिठागरं. खाट खिडकीखाली घ्यायची हे तिने मनात केव्हाच ठरवलं होतं. डोळे उघडले की पाणी दिसलं पाहिजे. कपाट डाव्या भिंतीला. टेबल उजवीकडे, दाराच्या मागे. तिन्ही कागद कापून तिने अंथरले, कडांना चिकटपट्टी लावली आणि दारात उभं राहून पाहिलं. कागदाचं का होईना, घर झालं.

झाडू मारायला आलेल्या हंसामावशी दारातच थबकल्या. खाडीकाठच्या गावातल्या, पदर खोचलेल्या, हसऱ्या बाई.

"ह्ये काय गो? रंग काडायचाय?"

"नाही मावशी, ही खाट आहे. ते कपाट. त्याच्यावर पाय नका देऊ हं."

हंसामावशींनी खाटेला वळसा घालून केर काढला. त्यांच्यावर क्षितिजाचा त्याच क्षणी जीव जडला.

"सुतार पायजे तर निर्मलला फर्डिनंड मेस्त्री हाय," त्या म्हणाल्या. "म्हातारा हाय, पन हात सोन्याचा. सनवारी माप घेऊन जा." मग कॉरिडॉरकडे बघत म्हणाल्या, "येकटीच राहनार सोमवारपरेंत? भ्या वाटंल गो."

"कशाचं? इथे काही झालंय का कधी?"

"इथं?" मावशी मोठ्याने हसल्या. "इथं कुनी राहिलंच नाय अजून. तूच पयली. भूत व्हायला आधी मानूस लागतो ना! त्याच्याआदी नुसतं पानी व्हतं. पानी नि मीठ."

त्या गेल्या आणि मजला परत गप्प झाला. दोन्ही बाजूंना दहा-दहा बंद दारं, त्यांच्या मुठींवर अजून प्लास्टिक. ओल्या सिमेंटचा वास. अधूनमधून लिफ्ट आपणहून वर येई, दार उघडे, कुणी उतरत नसे, दार मिटे. क्षितिजाने आईला फोन लावला.

"आई, इथे फार शांत आहे गं. सोमवारपर्यंत परत येऊ का?"

"ये की." आई म्हणाली. "पण निजशील कुठे गो? हेमांगीची आई आलीय राहायला."

"नको. राहते इथेच. तसं काही नाही."

फोन ठेवल्यावर ती कागदाच्या टेबलाशी बसली आणि दोन मिनिटं मनसोक्त रडली. रडायचं होतं तर रडली, त्यात काय. मग तोंड धुऊन खाली वडापाव आणायला गेली.

परत आली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. दार तिने कुलूप लावून बंद केलं होतं, ते तसंच होतं. आत टेबलाचा कागद दारामागे नव्हता. उजव्या भिंतीलाच, पण हातभर पुढे होता.

वारा, तिने स्वतःला सांगितलं. खाडीचा वारा कागद उडवणारच. तिने टेबल पुन्हा जागेवर ठेवलं आणि दार जरा जोरात उघडून पाहिलं. दाराची कड टेबलाच्या कागदावरून तीन इंच आत गेली. ती बघतच राहिली. लाकडाचं टेबल असतं तर दार अर्धवट उघडलं असतं आणि जन्मभर तिची कंबर आपटली असती. वाऱ्याने ठेवलं होतं तेच बरोबर होतं.

आता वाऱ्याला कुठे कळतं दार कुठवर उघडतं ते? पण माणूस आपल्या सोयीचं आधी मानतो आणि भीती मागाहून मोजतो. तिने टेबल हातभर पुढे घेतलं, चिकटपट्टी लावली आणि वडापाव खाल्ला.

गुरुवारी ती कॉलेजात कागदपत्रं द्यायला गेली. दुपारी कुलूप काढून आत आली तर खाट खिडकीखाली नव्हती. खाट डाव्या भिंतीला गेली होती. कपाट सरकून दाराकडच्या भिंतीला. आणि सगळ्या कडांना चिकटपट्टी. नीट, न सुरकुतलेली, कोपऱ्यांवर तिरकी दुमडलेली. वारा चिकटपट्टी लावत नाही.

पळावं असं वाटलं. पण पळायचं कुठे? आणि त्याच वेळी तिच्या नाकात एक वास आला. कोवळ्या सागाचा भुसा आणि तापवलेला सरस. त्या खोलीत लाकडाचा ढलपाही नव्हता. तो वास तिला ओळखीचा होता. लहानपणी झोप येईपर्यंत तो बाबांच्या सदऱ्याला यायचा.

"बाबा?" ती अगदी हळू म्हणाली.

खाली कुठेतरी पंप सुरू झाला. ती मांडणीकडे बघत राहिली, मेस्त्रीच्या मुलीच्या डोळ्यांनी. ही मांडणी तिच्यापेक्षा चांगली होती. टेबलावर उजेड डावीकडून येत होता. खाटेवरून उठताना पंख्याचं बटण हाताशी होतं. तिच्या खोलीचा कुणीतरी विचार केला होता. घरात एवढी माणसं, ती कुठे बसणार, कुठे लिहिणार, कुठे निजणार, हे एकालाही सुचलं नव्हतं. इथे कुणीतरी इंच-इंच विचार केला होता.

तुम्ही म्हणाल, भ्यायचं सोडून ही पोरगी हे काय भलतंच करतेय. दोन दिवस कुणाशी न बोलता रिकाम्या मजल्यावर राहून बघा, मग म्हणा. तिने वहीत नवी मांडणी उतरवली, चटई कागदाच्या खाटेवर घातली आणि त्या रात्री गाढ झोपली. गावच्या पडवीत तिला अशी झोप लागली नव्हती.

शुक्रवार तिचा सगळ्यात आनंदाचा दिवस होता. ती खोलीशी बोलायला लागली. "कपाटाचं दार कुठल्या बाजूला उघडू?" असं विचारून चहा प्यायला खाली जायची, परत यायची तेव्हा कपाटाच्या कागदावर डाव्या कडेला एक तिरकी खूण असायची. चपट्या पेन्सिलीची, मेस्त्री लोक करतात तशी. तिच्याकडे असली पेन्सिल नव्हती. ती हसायची. "बरं, डावीकडे." एकदा तिने मुद्दाम टेबल खिडकीखाली नेऊन ठेवलं. परत आली तर टेबल आपल्या जागी. कपाट नेलं, तेही परत.

मग तिच्या लक्षात आलं. बाकी काहीही कुठेही चाललं असतं, पण खिडकीखालची पट्टी रिकामी ठेवायची होती. काही ठेवलं की निघत होतं.

"इथे काय करू मग?" तिने विचारलं. "बाक? बसायला?"

ह्याला मात्र खूण मिळाली नाही.

शनिवारी फर्डिनंड मेस्त्रीकडे जायचं होतं. सकाळी हंसामावशी येऊन गेल्या. ह्या खेपेला त्या खोलीत आल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "काल कोन आलं व्हतं गो तुज्याकडं?"

"कुणी नाही. का?"

"कापत व्हता काय तरी. करवतीनी. मी जिन्यात व्हती." त्यांनी झाडू बगलेत मारला. "आसंल खालचा कोन तरी. टॉवरात आवाज कुटला कुटं जातो." आणि केर न काढताच त्या गेल्या.

दुपारी खिडकीखालच्या त्या रिकाम्या पट्टीवर ऊन आलं. भाद्रपदातलं, झोंबरं, पण लादी गार होती. क्षितिजा वही घेऊन तिथे बसली. मग वही उशाला घेऊन आडवी झाली. वर आकाश दिसत होतं, खाली नुसता पाण्याचा आवाज. बाबा हीच जागा का राखतायत ते कळलं असं तिला वाटलं. ऊन खात पडायला. बाकी काही नाही. तिचा डोळा लागला.

झोपेत तिला करवतीचा आवाज येत होता. संथ. एक लांब ओढ, मग थांबा. एक लांब ओढ...

जाग आली तेव्हा ऊन सरकलं होतं. उजव्या कानाजवळ काहीतरी खरखरलं आणि थांबलं. तिने मान वळवली. लादीवर रेघ होती. चपट्या पेन्सिलीची जाड काळी रेघ, तिच्या कानापासून दोन बोटांवर. ती खांद्याशी बाहेर गेली होती, कोपराशी सरळ झाली होती आणि पायांकडे निमुळती उतरली होती. तिच्या भोवती, सगळीकडून. डोक्याशी एक तिरकी खूण, दोन्ही खांद्यांशी दोन, तळव्यांशी एक. शेजारी बाबांची पट्टी उघडी पडली होती. ती तिने सकाळीच घडी करून सॅकमध्ये टाकली होती.

ती एकदम उठली नाही, रेघेला न शिवता अंग चोरून बाहेर आली. मग तिने पट्टी उचलून मोजलं. मेस्त्रीच्या मुलीला दुसरं काही सुचलंच नाही. लांबी पाच फूट सहा इंच. खांद्यांशी रुंदी एक फूट नऊ इंच. बाक एवढा लांब नसतो. खाट एवढी अरुंद नसते. एवढ्या जागेत माणसाला कूस बदलता येत नाही.

आणि तेव्हा तिला बाबांचं दुसरं वाक्य आठवलं. खाट करताना ते गिऱ्हाइकाला भिंतीशी उभं करून त्याची उंची घेत. एकदा एक म्हातारा गमतीने जमिनीवर आडवा झाला होता, घे म्हणाला माप. बाबा हातातली पट्टी मिटून अंगणात निघून गेले होते. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "माणूस उभा करून मापावा. निजलेल्याचं माप घेत नाहीत."

जे कुणी इथे होतं, ते बाबा नव्हते.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणत ती जिना उतरली. लिफ्टमध्ये जायचं तिला धाडस झालं नाही. वसईहून बस धरून ती निर्मळला उतरली तेव्हा चार वाजले होते. केळीच्या बागा, सायकली, फुलांच्या पाट्या, ओट्यावर गप्पा मारणाऱ्या बायका. माणसांचे आवाज ऐकून तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

फर्डिनंड मेस्त्री बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये काम करत होते. सत्तरीचे, वाळलेले, चष्म्याला दोरी बांधलेले. मागच्या भिंतीला फळ्या उभ्या होत्या. कोपऱ्यात एक लांब पेटी, अजून पॉलिश न केलेली, झाकणावर क्रूस. निर्मळमध्ये ह्याचं कुणाला नवल नव्हतं. त्यांच्या हातच्या खाटेवर गाव निजत होतं आणि त्यांच्याच हातच्या पेटीतून शेवटी जात होतं.

"ये बाय, बस. हंसानं सांगितलेलं." त्यांनी वही घेतली, खाट, टेबल, कपाट पाहिलं आणि मान डोलावली. "फार चांगलं मांडलंस. कोणाकडं शिकलीस?" मग बोट खिडकीखालच्या चौकोनावर आलं. तिथे तिने नुसते आकडे लिहिले होते.

"तुझी उंची किती?"

"पाच चार."

"दोन इंच वाढवायचे असतात," ते हळू म्हणाले आणि कोपऱ्यातल्या पेटीकडे न बघता वही मिटली. "हे माप कोणी घेतलं?"

तिने सगळं सांगितलं. कागद, चिकटपट्टी, खुणा, रेघ. सांगताना तिला वाटत होतं म्हातारा हसेल, घरी जा म्हणेल. तो हसला नाही.

"पट्टी आणलीस? दाखव."

त्यांनी पट्टी हातात घेतली नाही, तिच्याच हातात ठेवून निरखली. मग शेडच्या दाराजवळच्या दोन खिळ्यांकडे बोट केलं. दोन्ही खिळ्यांमध्ये चांगलं चार फूट अंतर होतं. "ती डावीकडची पट्टी घरकामाची. खाट, पाळणा, देव्हारा. उजवा खिळा आता रिकामा, त्याच्यावरची पट्टी झिजून मोडली, परवाच पुरली. ती पेटीची. माझ्या बापानं सांगितलेलं, ही त्या कामाला लावायची नाही आणि ती ह्या कामाला लावायची नाही. जी पट्टी एकदा निजलेल्याला लागली, ती परत उभ्याची होत नाही." त्यांनी बोट तिच्या हातातल्या पट्टीकडे वळवलं. "ही कोणाला लावलीस बाय?"

क्षितिजाच्या डोळ्यांसमोर दोन वर्षांपूर्वीचं अंगण उभं राहिलं. आत बाबा ठेवलेले. बाहेर माणसं बांबू घेऊन घुटमळतायत, तिरडीला किती लांब कापायचे म्हणून. कुणी म्हणतं सहा फूट, कुणी म्हणतं जास्त. मेस्त्रीच्या घरात अंदाजाने काम? तिला ते सहन झालं नाही. ती आत गेली, हत्यारांच्या पेटीतून बाबांची स्वतःची पट्टी काढली, त्यांच्या कडेला टेकवली, आणि बाहेर येऊन स्पष्ट आवाजात म्हणाली, पाच फूट आठ. सगळे तिच्याकडे बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, मेस्त्रीची पोर शोभते. त्या दिवसातलं तेवढं एकच वाक्य तिने जपून ठेवलं होतं.

"बाबांना," ती म्हणाली. आणि दोन वर्षांत रडली नव्हती तशी रडली. "मला फक्त नीट व्हायला हवं होतं हो. त्यांचं काम नीट व्हायला हवं होतं."

"माहीत आहे." फर्डिनंड मेस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी चूक माणुसकीची आहे. पण पट्टीला माणुसकी कळत नाही. ती आपलं काम करते. एक झालं की दुसरं." त्यांनी सुतळीचा तुकडा तोडून दिला. "तूच बांध, तूच अडकव. उजव्या खिळ्याला. तिची जागा ती आहे. आणि त्या खोलीत आज जाऊ नको. घरी जा चार दिवस, मुली आल्या की ये. खाट मी करून ठेवतो."

तिने पट्टी मिटली, सुतळीने बांधली, घट्ट गाठ मारली आणि उजव्या खिळ्याला अडकवली. हात रिकामा झाल्याबरोबर छातीवरचं काहीतरी उतरलं. केळीच्या पानांवरून वारा आला. म्हातारा आत चहाचं आधण ठेवायला गेला. शेडच्या दारात उभं राहून तिने आईला फोन लावला.

"आई, मी येतेय. आज रात्रीच्या गाडीने. पडवीत निजेन, कुठेही निजेन. चालेल ना?"

"पडवीत कशाला गो?" आईच्या आवाजात कधी नव्हता असा आनंद होता. "तुला सांगायलाच फोन करणार होते. जागा झालीय तुझ्यासाठी. माजघरात, खिडकीखाली. आम्हाला कुणाला सुचलं नाही ते बघ, लाज वाटली मला. सकाळी उठले तर खाली कागद अंथरलेले, ह्यांची पद्धत होती ना, अगदी तसे. चिकटपट्टी लावून. मी म्हटलं कौस्तुभने केलं, तो म्हणतो हेमांगीने, ती म्हणते मी नाही. कुणी का असेना. माझ्या पोरीची आठवण झाली ना कुणालातरी."

"आई... केवढी आहे जागा?"

"अरुंद आहे जरा. पण तुला पुरेल. आत्ताच मोजली मी. पाच फूट सहा इंच."

"कशाने मोजलीस?"

"कशाने म्हणजे? ह्यांच्या पट्टीने. आत्ता कागदांवरच तर दिसली."

तिने मान वळवली. डाव्या खिळ्याला घरकामाची पट्टी होती. उजव्या खिळ्याला सुतळी लोंबत होती. गाठ तिने मारली तशीच होती, घट्ट, आणि गाठीच्या आत काही नव्हतं.

"ऐकतेस ना?" आई बोलतच होती. "हेमांगी कागद उचलत होती, मी म्हटलं राहू दे, क्षिती येईतोवर हलवू नको. तू ये, आणि आधी त्यावर आडवी पडून बघ. नीट मावतेस ना ते कळू दे."